सामाजिक शास्त्रे की मानव्यविद्या?

पदवीच्या विषयाची निवड करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

बारावीची परीक्षा आटोपून विद्यापीठाच्या दाराशी आलेल्या विद्यार्थ्यापुढे जो अर्ज येतो, त्यात विषयांच्या नावांची एक लांबलचक यादी असते. अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, संस्कृत, राज्यशास्त्र, इंग्रजी वाङ्मय, मानसशास्त्र, भूगोल ही नावे तेथे एकाखाली एक मांडलेली असतात. त्यांपैकी कोणताही विषय घेतला, तरी शेवटी हाती पडणाऱ्या पदवीचे नाव बहुधा एकच असते : बी.ए. पदवी एक म्हणून विद्याही एकच, असा समज त्यामुळे सहज होतो. मग निवड होते ती भलत्याच कारणांनी. एका विषयात जागा शिल्लक असतात म्हणून तो घेतला जातो. दुसऱ्यात गुण सढळ हाताने मिळतात असे कोणी सांगते. तिसरा विषय मैत्रिणीने घेतलेला असतो. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी ती मुलगी पहिलीच असेल, तर विचारावयाचे तरी कोणाला, हाही प्रश्न असतो. आणि या निवडीवर आयुष्यातील तीन-चार वर्षे व बहुतेक वेळी कुटुंबाची काटकसरीने साठविलेली पुंजी खर्च व्हावयाची असते.

वस्तुतः या यादीत दोन निरनिराळ्या कुळांचे विषय एकत्र आलेले असतात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र ही सामाजिक शास्त्रे होत. भाषा व वाङ्मय, तत्त्वज्ञान, कलांचा इतिहास या मानव्यविद्या होत. दोहोंचाही विषय माणूसच. परंतु माणसाविषयी कोणता प्रश्न विचारावयाचा, त्याला पुरावा कोणता मानावयाचा आणि उत्तर कोणत्या रूपात मांडावयाचे, या तीनही बाबतींत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. हा भेद ज्याला नीट कळला, त्याची निवड निम्मी झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

नावांचा घोटाळा कसा झाला

१८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली. त्या काळच्या बी.ए. परीक्षेत भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र आणि निसर्गविज्ञान हे सारेच नांदत होते. विज्ञानाची स्वतंत्र पदवी पुढे आली. वाणिज्याची त्याहून उशिरा. एकत्र कुटुंबातून भाऊ वेगळे निघावेत तसे हे विषय एकेक करून बाहेर पडले आणि जे मूळ घरात राहिले, त्या सर्वांना मिळून 'कला शाखा' हे नाव चिकटले. सामाजिक शास्त्रे या घरात वाढली खरी, पण त्यांची राहणी हळूहळू बदलत गेली. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. १९३६ साली मुंबईत आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा पाया घातला गेला. १९४९ साली दिल्लीत अर्थशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय निघाले.

शासनानेही हा भेद पुढे मान्य केला. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी १९६९ साली एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. इतिहासासाठी १९७२ साली व तत्त्वज्ञानासाठी १९७७ साली वेगळ्या परिषदा झाल्या. तथापि विद्यापीठांतील मांडणी आजही एकसारखी नाही. दिल्ली विद्यापीठात इतिहास हा सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेत आहे, तर मानसशास्त्र कला विद्याशाखेत आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या. त्यांत सामाजिक शास्त्रांना स्वतंत्र शाखा नसून ती 'मानव्यविद्या' या नावाखालीच येतात. म्हणून विभागाच्या दारावरील पाटी पाहून निर्णय करणे व्यर्थ होय. आत काम कसे चालते ते पाहिले पाहिजे.

एक दुष्काळ आणि दोन प्रश्न

हे काम समजून घेण्यासाठी एकच घटना दोन्ही बाजूंनी पाहणे उपयुक्त ठरेल. १९४३ साली बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ साली मृतांची संख्या सुमारे पंधरा लाख धरली. नंतरच्या काही अभ्यासकांनी ती तीस लाखांच्या घरात नेली.

सामाजिक शास्त्रज्ञ येथे विचारतो : इतकी माणसे का मेली, आणि मेली ती कोणती? दुष्काळ चालू असतानाच कलकत्ता विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ तारकचंद्र दास यांनी शहराच्या रस्त्यांवर येऊन पडलेल्या निराधारांची पाहणी केली. ती १९४९ साली ग्रंथरूपाने आली. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळानंतर खेड्यांतील कुटुंबांची नमुना पाहणी केली. कोणाची जमीन गेली, कोणाचे बैल विकले गेले, कोणता धंदा करणारी घरे सर्वांत आधी कोसळली, हे त्या कामातून दिसू लागले.

पुढे अमर्त्य सेन यांनी या प्रश्नाला निराळेच वळण दिले. दुष्काळाच्या वेळी ते नऊ वर्षांचे होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी धान्याच्या उपलब्धतेचे आकडे मांडून असे दाखविले की, १९४३ मधील पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून फार तर पाच टक्क्यांनी कमी होता. आणि ज्या १९४१ साली दुष्काळ पडला नाही, त्या वर्षापेक्षा तो सुमारे तेरा टक्क्यांनी अधिकच होता. मग माणसे उपाशी का राहिली? तांदळाचा भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला तेरा-चौदा रुपये होता, तो ऑगस्ट १९४३ पर्यंत सदतीस रुपयांवर गेला. शेतमजुराची मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही. कोळी, न्हावी, कारागीर यांच्या मालाला किंवा सेवेला गिऱ्हाईक उरले नाही. उलट, कलकत्त्यातील नोकरवर्गाला स्वस्त धान्य मिळण्याची व्यवस्था होती. सारांश, बाजारात धान्य असूनही ते मिळविण्याची ऐपत ज्याच्यापाशी राहिली नाही तो मेला. या निष्कर्षावरही पुढे वाद झाला. मूळ पिकांचे आकडेच विश्वसनीय नव्हते व तुटवडा सेन मानतात त्याहून मोठा होता, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. सामाजिक शास्त्राची रीतच ही आहे : विधान असे करावयाचे की दुसऱ्याला ते तपासता यावे, आणि चूक असेल तर दाखविता यावे.

आता हाच दुष्काळ दुसऱ्या बाजूने पाहू. १९४३ सालीच चित्रकार झैनुल आबेदिन यांनी साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईच्या जाड रेषांनी भुकेल्या माणसांची चित्रे काढली. चित्तप्रसाद मेदिनीपूर भागात पायी हिंडले. त्यांनी चित्रांसह लिहिलेल्या पुस्तिकेच्या बहुतेक सर्व प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. १९४४ साली बिजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' हे नाटक रंगभूमीवर आले. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांनी 'अशनि संकेत' ही कादंबरी लिहिली व तिच्यावर सत्यजित राय यांनी १९७३ साली चित्रपट केला. त्यातील खेडुतांना युद्ध कोठे चालले आहे हेही धड ठाऊक नाही. आकाशातून विमाने जातात, तांदूळ महाग होतो, आणि शेजाऱ्यापाशी मागण्याची लाज एकेका घरातून गळून पडते.

मानव्यविद्येचा अभ्यासक येथे निराळे प्रश्न विचारतो. भूक म्हणजे काय, हे या कृतीने कसे सांगितले? ज्यांना स्वतःवर कोसळणाऱ्या संकटाचे नावही माहीत नाही, त्यांच्या नजरेतून गोष्ट सांगितल्याने काय साधले? राय यांनी चित्रपट रंगीत केला व त्यात बंगालची हिरवीगार भूमी तशीच राहू दिली. हे सौंदर्य काही समीक्षकांना खटकले. दुष्काळाचे चित्र सुंदर असावे काय? या प्रश्नाला आकड्यांचे उत्तर नाही. पण 'ज्याला जसे वाटेल तसे' असेही ते सोडून देता येत नाही. दृश्ये पुन्हा पाहून, कादंबरी मूळ भाषेत वाचून, त्या काळच्या इतर कृतींशी ताडून, कारणे देऊनच उत्तर द्यावे लागते.

एका बाजूने लाखो मृत्यूंमागचा नियम शोधला जातो. दुसऱ्या बाजूने एका माणसाच्या मरणाचा अर्थ शोधला जातो. पहिल्या ज्ञानावाचून पुढचा दुष्काळ टाळता येणार नाही. दुसऱ्यावाचून तो का टाळावयाचा, याची जाणीवच बोथट होईल.

पुरावा : गणतीचा आणि संहितेचा

दोन्ही विद्यांत शिस्त सारखीच कडक आहे. सामाजिक शास्त्रे म्हणजे वर्तमानपत्री मते आणि मानव्यविद्या म्हणजे मनोरंजन, असा जो लोकसमज आढळतो, तो दोघींवरही अन्याय करणारा आहे. दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

१९५० साली महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशातील प्रत्येक घरी जाणे शक्य नसते. म्हणून काही खेडी व त्यांतील काही घरे निवडावयाची. ही निवड कोणाच्या मर्जीवर न ठेवता सोडतीच्या तत्त्वाने करतात. तसे केले म्हणजे थोड्या घरांवरून सर्वांविषयी अनुमान काढता येते. एवढेच नव्हे, तर त्या अनुमानात चूक किती असू शकेल याचाही हिशेब मांडता येतो. परंतु घरे बरोबर निवडली म्हणून उत्तरही बरोबर येईलच असे नाही. घरात धान्य किती खाल्ले, हे गेल्या सात दिवसांपुरते विचारावे की गेल्या तीस दिवसांपुरते? माणसाला आठवड्याचे नीट आठवते, महिन्याचे विसरते. १९९९-२००० च्या पाहणीत अन्नखर्चाविषयी हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नावलीत शेजारी-शेजारी विचारले गेले. त्यामुळे उत्तरांची तुलना आधीच्या पाहण्यांशी करणे अवघड झाले आणि देशातील दारिद्र्य किती घटले यावर अर्थशास्त्रज्ञांत दीर्घ वाद माजला. एका प्रश्नाच्या शब्दरचनेवर कोट्यवधी गरिबांची गणना अवलंबून राहिली. या जबाबदारीचे भान म्हणजेच सामाजिक शास्त्राचे शिक्षण होय.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम तेथे १९१९ साली हाती घेतले गेले व १९६६ साली ते पूर्ण झाले. त्यासाठी शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील १२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर यांनी कामाची पद्धत घालून दिली. एकमेकांशी संबंध न आलेल्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील पोथ्यांत जो पाठ सारखा आढळतो तो जुना मानावयाचा. एकाच प्रदेशातील पोथ्यांत जो भाग दिसतो तो मागाहून घुसला असण्याचा संभव अधिक. या कसोटीने पाहता, व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही घराघरांत माहीत असलेली कथाही मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात घालावी लागली. श्रद्धेचा मान राखूनही पुराव्याशी प्रामाणिक राहण्याचे हे धैर्य केवळ गोड वाचनाने येत नाही. लिपी, व्याकरण, लेखकांच्या सवयी व चुका यांचा वर्षानुवर्षे अभ्यास त्यामागे असतो.

वर्गात प्रत्यक्ष काय शिकावे लागते

सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच संकल्पना काटेकोरपणे वापरण्यास शिकवितात : मागणी, सत्ता, वर्ग, जात, संस्था या शब्दांचा बोलीतील अर्थ बाजूला ठेवावा लागतो. पुढे संख्याशास्त्र, संशोधनपद्धती व क्षेत्रकार्य येते. अर्थशास्त्रात गणिताचा वाटा मोठा आहे. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्राच्या विशेष पदवीसाठी बारावीचे गणित आवश्यक धरले जाते. समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांत गणित कमी, परंतु सिद्धांतांचे वाचन जड असते. मानसशास्त्रात प्रयोग आणि मापन यांवर भर असतो. माणसाच्या मनातील गूढ उलगडण्याच्या हौसेने आलेल्या पुष्कळांना तेथे सरासरी व प्रमाण विचलन यांची गणिते करावी लागतात आणि त्यांचा विरस होतो.

मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याचे मुख्य साधन भाषा. त्याला थोडे पण अतिशय सावकाश वाचावे लागते, आणि पुष्कळ लिहावे लागते. एका कवितेच्या वीस ओळींवर दोन तास चर्चा चालते. तत्त्वज्ञानात एका युक्तिवादातील एकेक पायरी सुटी करून तपासली जाते. जुने वाङ्मय घेतले तर संस्कृत, प्राकृत, फारसी किंवा जुन्या देशी भाषेशी गाठ पडते. मराठ्यांच्या इतिहासाकडे वळणाऱ्याला मोडी लिपी टाळता येत नाही. 'आपल्याला गणित येत नाही म्हणून कला शाखा' हे कारण येथे फार दिवस टिकत नाही. ज्याला दहा पाने लक्षपूर्वक वाचण्याचा कंटाळा, त्याला ही वाट गणिताहूनही अवघड वाटेल.

उपजीविकेचा प्रश्न

हा प्रश्न विचारण्यात कमीपणा काही नाही. सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्याने तो प्रथम विचारला तरी योग्यच आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, या दोहोंपैकी कोणतीही पदवी वैद्यक किंवा अभियांत्रिकीप्रमाणे एका ठराविक धंद्याचे दार उघडून देत नाही. बहुतेकांना पुढे पदव्युत्तर शिक्षण, शिक्षणशास्त्राची पदवी किंवा स्पर्धापरीक्षा यांपैकी काही करावेच लागते.

यांतील नियम नीट माहीत असावेत. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, आणि तिच्या वैकल्पिक विषयांत समाजशास्त्राप्रमाणेच मराठी, बंगाली, तमिळ आदी वाङ्मयेही आहेत. तेथे सामाजिक शास्त्राला वेगळा हक्क नाही. १९६१ साली सुरू झालेल्या भारतीय अर्थसेवेसाठी मात्र अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवीच लागते. वाङ्मयाच्या पदवीधराला तो मार्ग बंद आहे. मानसशास्त्राच्या नुसत्या पदवीवर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. त्यासाठी पुढील विशेष शिक्षण व नोंदणी लागते. पाहण्या, बँका, नियोजन, स्वयंसेवी संस्था यांना आकडेवारी हाताळणारी माणसे हवी असतात. प्रकाशन, अनुवाद, वृत्तपत्रे, अभिलेखागारे, संग्रहालये व शाळा यांना भाषा जाणणारी माणसे हवी असतात. दोन भारतीय भाषा आणि इंग्रजी यांवर खरोखरचे प्रभुत्व असलेला पदवीधर वाटतो तितका सहज सापडत नाही.

सीमा ओलांडणारे

ही दोन क्षेत्रे शेजारची आहेत आणि मधले कुंपण पुष्कळांनी ओलांडले आहे. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते व तेथून प्राच्यविद्येकडे आले. दामोदर धर्मानंद कोसंबी हेही गणिती. त्यांनी प्राचीन आहत नाण्यांची वजने काळजीपूर्वक मोजली. नाणे जितके अधिक हातांतून फिरते तितके ते झिजते, या साध्या गोष्टीला संख्याशास्त्राची जोड देऊन त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावण्याचा यत्न केला. त्याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली.

इरावती कर्वे यांची पहिली पदवी तत्त्वज्ञानाची. पुढे त्यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्र घेतले, आणि भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील त्यांच्या 'युगान्त' या मराठी पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुलव्यवस्थेचा अभ्यास केलेल्या विदुषीने कुंती व गांधारी यांच्याकडे पाहिले, म्हणूनच ते पुस्तक निराळे झाले.

म्हैसूरजवळच्या एका खेड्यात एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली राहून टिपणे केली होती. १९७० साली अमेरिकेत त्यांच्या कार्यालयाला आग लागली आणि त्या टिपणांवरून तयार केलेल्या मजकुराच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी स्मरणाच्या आधारे त्या खेड्यावर ग्रंथ लिहिला व तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. आकडे जळाले, माणसे, त्यांचे बोलणे, त्यांची भांडणे आठवणीत राहिली. शास्त्रज्ञालाही अखेर चांगल्या लेखकाचे काम करावे लागले.

तथापि या उदाहरणांवरून एक चुकीचा निष्कर्ष काढू नये. या सर्वांनी आधी एका विद्येत पक्के पाय रोवले आणि मग दुसरीत पाऊल टाकले. दोन्हीकडचे थोडथोडे चाखून कोणालाच सीमा ओलांडता आली नाही.

निवड करण्याची रीत

वर्णने वाचून आवड कळत नाही. काम करून पाहिले म्हणजे कळते. यासाठी अर्ज भरण्यापूर्वीचे दोन रविवार पुरेत.

पहिल्या रविवारी आपल्या गल्लीतील वीस घरांची एक लहान पाहणी करावी. विषय साधा असावा : पाणी कोठून येते, किती वेळ येते आणि ते भरण्याचे काम घरात कोण करते. प्रश्न आधी लिहून काढावेत व सर्व घरी त्याच शब्दांत विचारावेत. संध्याकाळी उत्तरांचा तक्ता मांडावा. एखादा प्रश्न संदिग्ध होता असे लक्षात येईल, दोन घरांची उत्तरे जुळणार नाहीत, 'वीस घरांवरून सगळ्या वस्तीबद्दल बोलता येईल काय' अशी शंका येईल. ही शंका ज्याला सतावते आणि जो प्रश्न सुधारून पुन्हा बाहेर पडावेसे म्हणतो, त्याने सामाजिक शास्त्राचा विचार अवश्य करावा.

दुसऱ्या रविवारी आजीकडून किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध स्त्रीकडून जात्यावरची एक ओवी, एखादे लग्नातले गाणे किंवा म्हण ऐकून जशीच्या तशी लिहून घ्यावी. तीच दुसऱ्या बाईकडून पुन्हा ऐकावी. शब्द कोठे बदलला? कोणता जुना वाटतो? तो बदलल्याने अर्थ किती सरकला? सासरी असलेली स्त्री आपले दुःख सरळ न सांगता बंधूला किंवा पाखराला का सांगते? या विचारात ज्याची संध्याकाळ कशी गेली ते कळले नाही, त्याची जागा मानव्यविद्येत आहे.

यानंतर ग्रंथालयात जावे आणि ज्या विभागात प्रवेश घ्यावयाचा त्याचा अभ्यासक्रम व मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात. विषयाचे नाव फसविते; प्रश्नपत्रिका फसवीत नाही. विभागात शिकविणारे प्राध्यापक किती आहेत, ग्रंथालयात त्या विषयाची पुस्तके किती आहेत, क्षेत्रकार्य खरोखर होते काय, हेही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे. दुबळ्या विभागातील आवडता विषय आणि सशक्त विभागातील जवळचा विषय, यांपैकी दुसरा पुष्कळदा अधिक हिताचा ठरतो.

निर्णय मुळीच होत नसेल, तर एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. परतीची वाट दोन्हीकडून सारखी रुंद नाही. वाङ्मय किंवा तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्याला समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाणे बहुतेक विद्यापीठांत शक्य असते; गणिताशिवाय अर्थशास्त्राच्या चांगल्या पदव्युत्तर वर्गात जाणे मात्र कठीण. त्याचप्रमाणे जुनी भाषा पंचविसाव्या वर्षी नव्याने शिकणे अशक्य नसले तरी कष्टाचे असते. म्हणजे गणित आणि भाषा ही दोन साधने लवकर हस्तगत करावयाची असतात. सिद्धांत मागाहूनही वाचता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर अनेक विद्यापीठांनी चार वर्षांचा पदवीक्रम सुरू केला आहे. त्यात मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषय घेता येतो. मुख्य विषय वाङ्मय असेल तर दुय्यम म्हणून अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र, आणि मुख्य विषय समाजशास्त्र असेल तर दुय्यम म्हणून एखादी भाषा, अशी जोडी लावली तर दोन्ही दारे किलकिली राहतात. ज्यांच्या विद्यापीठात ही सोय नाही, त्यांना सार्वजनिक ग्रंथालय आहेच.

आईवडिलांशी बोलतानाही या माहितीचा उपयोग होतो. 'मला आवडते' एवढ्याने घरातील काळजी मिटत नाही. 'हा विषय घेतला तर पुढे ही परीक्षा देता येईल, ही देता येणार नाही. इतकी वर्षे लागतील, इतका खर्च येईल' असे कागदावर मांडून दाखविले, तर पुष्कळ घरांत विरोधाची जागा विचार घेतो.

१९४३ च्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यावर एकाच वेळी कोणी प्रश्नावली घेऊन फिरत होते, तर कोणी शाई आणि कागद घेऊन. आज त्या दुष्काळाविषयी जे काही ठाऊक आहे, ते या दोघांच्या कामातून आले आहे. आपल्या हातात त्यांपैकी काय शोभेल, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच पारखून घ्यावयाचे आहे. ते दुसऱ्या कोणी ठरवून देण्यासारखे नाही.